आमिष मक्याचे, प्रश्न हरणाचा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १५ नोव्हेंबर हा दिवस एखाद्या सणासारखा उजाडतो. बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम दरवर्षी याच तारखेला सुरू होतो. काही गावांत त्या दिवशी शाळांना चक्क सुट्टी असते. आजोबा, वडील आणि नातू झळझळीत नारिंगी जाकिटे घालून पहाटेच्या अंधारात रानाची वाट धरतात. जाकिटे नारिंगी अशासाठी की, दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्यालाच हरीण समजू नये! हंगाम जवळ आला की रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपांवर मक्याच्या, गाजरांच्या आणि साखरबीटाच्या पोत्यांच्या थप्प्या लागायच्या, ही तिथली जुनी रीत. हा माल माणसांसाठी नसे, हरणांसाठी असे.

रानात मोक्याच्या जागी मक्याचा ढीग टाकायचा, जवळच्या झाडावरच्या मचाणात दबा धरून बसायचे आणि हरीण दाणे टिपायला आले की नेम धरायचा, अशी ही पद्धत. टेक्सासमध्ये तर तिला यंत्राची जोड आहे. तीन पायांच्या घोडीवर मक्याचे पिंप असते आणि खाली बसवलेली मोटर ठरल्या वेळी दाणे भिरकावते. हरणे त्या वेळेला हजर होतात. शिकाऱ्यांना अशा आमिषाची बंदी करावी का, हा वाद अमेरिकेच्या निम्म्याअधिक भागात गेली तीन दशके घरोघर चालला आहे.

आपल्याला तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. मारायचेच आहे, तर मका घालून मारले काय आणि माग काढून मारले काय, हरणाला काय फरक पडतो? शिवाय आपल्याकडे हा प्रश्न उरलेलाच नाही. मचाणाखाली रेडकू बांधून वाघाची वाट पाहण्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवले. त्या कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली, तीत प्राण्याला आमिष लावणेही येते. म्हणजे आपल्याकडे गोळी सुटण्याआधी, आमिष ठेवल्याक्षणीच गुन्हा घडतो.

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण तिथे एकेकाळी नाहीसे व्हायच्या बेतात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या देशात त्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी उरली होती. पुढे कायदे झाले, शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लागू लागला. आज तिथे सुमारे तीन कोटी हरणे आहेत. लांडगे बहुतेक भागांतून नाहीसे झालेले, त्यामुळे त्यांना आवर घालणारा मुख्यतः माणूसच. ती पिके खातात, जंगलातली कोवळी रोपे फस्त करतात, भरधाव मोटारींसमोर येतात. तेव्हा तिथली शिकार हा केवळ षौक नाही, सरकारने आखून दिलेली ती एक व्यवस्था आहे.

आमिषाची बाजू घेणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात. हरणे कमी करायची आहेत ना? मग ज्याने ती सहज मारता येतात, ते साधन का काढून घेता? त्यांचा दुसरा मुद्दाही उडवून लावण्याजोगा नाही. ढिगापाशी हरीण जवळ, शांत आणि स्थिर उभे असते. नेम नीट बसतो आणि जखमी जनावर रानोमाळ तडफडत हिंडण्याची शक्यता कमी होते. ज्याचे गुडघे गेले आहेत असा म्हातारा किंवा पहिल्यांदाच बंदूक हाती धरणारे पोर मैलोगणती माग काढणार कसा? आणि शेजारच्या शेतात उभा असलेला मका हरणांनी खाल्लेला चालतो, तर त्याच मक्याचा ढीग तेवढा बेकायदा का?

विरोधकांचा जुना आक्षेप शिकारीच्या नीतीचा होता. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने शिकारीचा एक दंडक रुजवला. जनावराला निसटून जायची खरीखुरी संधी असली पाहिजे, हा तो दंडक. हेच रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी एक अस्वल झाडाला बांधून ठेवण्यात आले होते. त्याच्यावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्या प्रसंगावर व्यंगचित्र निघाले आणि त्यातूनच मुलांच्या कुशीतला ‘टेडी बेअर’ जन्माला आला. बदकांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांना दाणे टाकून मारायला तर अमेरिकेत १९३५ पासूनच बंदी आहे.

पण नीतीचा वाद कधी संपत नाही. एकाला जी लबाडी वाटते, ती दुसऱ्याला सोय वाटते. या वादाला खरी धार आली ती रोगामुळे.

मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ मध्ये एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गुरांना होणारा क्षय आढळला. तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा रानातल्या हरणांत हा रोग मूळ धरून असल्याचे दिसून आले. त्या भागात शिकारीसाठी आणि हिवाळ्यात हरणे जगावीत म्हणून गाड्या भरभरून चारा ओतला जाई. थंडीच्या दिवसांत एकाच ढिगात दहा तोंडे, एकीची लाळ दुसरीच्या घासात. १९९८ मध्ये तिथल्या गुरांतही क्षय सापडला. २००० मध्ये राज्याचा ‘क्षयमुक्त’ दर्जा गेला आणि ज्यांनी कधी हातात बंदूक धरली नव्हती, अशा गवळ्यांना आपल्या गाई तपासून घेत बसावे लागले.

दुसरा रोग याहून भयंकर. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत तो प्रथम लक्षात आला. जनावर खंगत जाते, लाळ गाळते, अडखळत चालते आणि मरते. ‘मॅड काऊ’ रोगाच्याच कुळातला हा आजार. त्याचे कारण जिवाणू नव्हे, विषाणूही नव्हे, तर घडी चुकलेले एक प्रथिन. त्याला ‘प्रायॉन’ म्हणतात. ते लाळेतून, मूत्रातून, लेंड्यांतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. त्यावर औषध नाही आणि लागण झालेले हरीण वाचत नाही. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असे तिथल्या आरोग्य यंत्रणेचे सांगणे आहे. आज तीसहून अधिक राज्यांत हा रोग पोचला आहे.

आता शेतातल्या मक्याचे उत्तर सापडते. शेतात हरणे पांगून चरतात. ढीग मात्र रोज त्याच जागी असतो, त्यामुळे लाळही तिथेच आणि लेंड्याही तिथेच. मका संपला तरी ती माती उरते.

खुद्द मकाही हरणाला पथ्याचा नाही. धनगराला विचारा, शेळी-मेंढी ज्वारीच्या राशीत तोंड घालून बसली तर काय होते! रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्म जीव त्या त्या मोसमाच्या चाऱ्याला सरावलेले असतात. कडाक्याच्या हिवाळ्यात डहाळ्या आणि साली चघळणाऱ्या हरणाने एकाएकी पोटभर मका खाल्ला, तर पोटात आम्ल साचते आणि भरल्या पोटी ते मरून जाते. भिजून बुरसटलेल्या दाण्यांतले विष रानटी टर्की आणि इतर पक्ष्यांनाही बाधते.

मग बंदीने प्रश्न सुटतो का? प्रामाणिक उत्तर असे की, पुरता सुटत नाही. विस्कॉन्सिनमध्ये २००२ च्या आरंभी हा रोग सापडला आणि त्याच वर्षी राज्यभर आमिषाला बंदी झाली. पुढे राजकारण शिरले आणि बंदी राज्यभराची न राहता जिल्ह्याजिल्ह्यांची झाली. २०१७ च्या कायद्याने तर तिला मुदतही घातली. जिथे रोग सापडेल त्या जिल्ह्यात तीन वर्षे, लगतच्या जिल्ह्यात दोन वर्षे. रोग मात्र कॅलेंडर पाहून चालत नाही. शेजारच्या मिनेसोटात आमिष बेकायदा आहे. तिथेही रोग पोचलाच. हरणे चालतात, पाळीव हरणांची वाहतूक होते, मारलेल्या जनावरांचे अवशेष इकडून तिकडे जातात. बंदी रोगाचा वेग कमी करू शकते, त्याला हद्दपार करू शकत नाही.

तरीही बंदी असावी, असेच म्हणावे लागते. याचे कारण अमेरिकी कायद्याच्याच एका सुंदर तत्त्वात आहे. तिथे रान खासगी असू शकते, पण त्यातले मोकळे हरीण खासगी नसते. ते साऱ्या जनतेचे असते. ढीग माझ्या जमिनीवर असला, तरी त्याला तोंड लावणारे हरीण उद्या चार मैलांवरच्या कुरणात असणार. शेजाऱ्याने मका टाकला की त्याच्याकडे वळलेली हरणे परत आणायला मीही टाकतो, मग तिसराही टाकतो. एकट्याने थांबून भागत नाही. सगळ्यांनी एकदम थांबायचे, तर नियमच लागतो.

नियम निर्दय असण्याची मात्र गरज नाही. मिशिगनच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात २०१९ पासून आमिषाला बंदी झाली, तेव्हा अपंग शिकाऱ्यांसाठीच्या खास दिवसांपुरती तिला सवलत ठेवली गेली. गुडघे गेलेल्या आजोबांच्या मुद्द्याला हे उत्तर आहे.

आणि नियम फक्त शिकाऱ्याला लावून चालणार नाही. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना सकाळी परसात हरीण दिसते. जीव हरखतो. घरातले पाव-सफरचंद बाहेर जाते, दुसऱ्या दिवशी एकाची चार हरणे होतात. यात बंदूक नाही, असलीच तर भूतदया आहे. पण त्या चार तोंडांची लाळ एकत्र होण्याशी घास टाकणाऱ्याच्या हेतूचा संबंध नसतो. म्हणूनच इलिनॉयसारख्या राज्यांनी हौसेने चारा घालण्यावरही बंदी घातली. शिकाऱ्याच्या आमिषाला नावे ठेवायची आणि आपला घास पुण्याचा म्हणायचा, हे काही खरे नव्हे.

मक्याविना रानात जाणाऱ्या नातवाला आजोबांकडून पुष्कळ शिकावे लागेल. वारा कुठून वाहतो, ओकची फळे यंदा कुठे पडली आहेत, हरणाची पायवाट कुठून ओढ्याला उतरते. कदाचित तो संध्याकाळी रिकाम्या हाताने परतेल. एखाद्या वर्षीचे तेवढे नुकसान त्या घराला सोसवेल. मातीत मुरलेला रोग मात्र त्याच्या नातवालाही उपसून काढता येणार नाही.