पंखा ऐकतो कोणाचं?

घरातला जुना पीसी काढायचा, त्यात दोन हार्ड डिस्क टाकायच्या, लिनक्स चढवायचं आणि झाला होम सर्व्हर! क्लाउडचं भाडं वाचतं. घरच्यांचे फोटो, सबमिशन्स, सिनेमे सगळं एका जागी राहतं. पहिला आठवडा मजेत जातो. मग एका रात्री डबा घोंघावायला लागतो, रूममेट उशी फेकून मारतो आणि फॅनचा स्पीड कमी कसा करायचा याची शोधाशोध सुरू होते.

स्पीड कमी करणं सोपं आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तुमचा पंखा ऐकतो कोणाचं?

बऱ्याच मदरबोर्डवर कॅबिनेटचे फॅनसुद्धा प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. गेमिंगच्या पीसीला ते चालून जातं. होम सर्व्हरचं मात्र उलटं. फायली कॉपी होताना प्रोसेसर निवांत असतो, राबतात त्या डिस्क. प्रोसेसर गार म्हणून फॅन संथ, आणि पुढच्या कप्प्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या डिस्क तापतायत. आवाज नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजून आपण झोपतो.

आधी आकडे बघा

लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ प्रोसेसरचं तापमान आणि फॅनचा आरपीएम दाखवतं, ‘स्मार्टमॉनटूल्स’ प्रत्येक डिस्कचं तापमान. एखादा मोठा फोल्डर कॉपीला लावा आणि अर्ध्या तासाने दोन्ही तपासा. अनेक डिस्कना कंपनीने ६० अंशांची मर्यादा दिलेली असते, पण रोजच्या वापरात ४५च्या आत राहिलेलं बरं.

मग पिना मोजा

तीन पिनांच्या फॅनचा स्पीड व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार पिनांच्या फॅनला १२ व्होल्ट कायम मिळतात; किती जोरात फिरायचं हा हुकूम चौथ्या वायरीतून, पीडब्ल्यूएम सिग्नलने येतो. फॅन तीन पिनांचा आणि बायोसमध्ये मोड पीडब्ल्यूएम असेल, तर हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो बिचारा फुल स्पीडने पळत राहतो. मोड बदलून डीसी करा, एक रुपयाही न खर्चता आवाज उतरेल.

आवाज सतत वर-खाली होत असेल, तर कारण वेगळं. प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं आणि फॅन त्याच्यामागे धावतो. अनेक बायोसमध्ये स्पीड बदलण्याआधी काही सेकंद थांबायचं सेटिंग असतं, ते वाढवा. किमान स्पीड मात्र फार खाली नेऊ नका. फॅन थांबला तर तेवढ्या विजेवर तो पुन्हा सुरू होईलच असं नाही.

डिस्कचंही ऐकू द्या

लिनक्स कर्नल ५.६ पासून ‘ड्राइव्हटेम्प’ हे मॉड्यूल मिळतं. ते लोड केलं की डिस्कचं तापमान सेन्सरच्या यादीत दिसतं, आणि समोरचा फॅन त्याच्यावर चालवायला ‘फॅनकंट्रोल’ला सांगता येतं. बोर्ड साथ देत नसेल तर सरळ उपाय : समोर १२० किंवा १४० मिलिमीटरचा मोठा फॅन लावा आणि एकाच मध्यम स्पीडवर कायम ठेवा. मोठा फॅन कमी आरपीएममध्येही भरपूर हवा ढकलतो, म्हणून आवाजही कमी. हवा समोरून आत, मागून बाहेर. फॅनच्या स्टिकरच्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते, तेव्हा उलटा बसवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी मशीन बंद करून, पाती बोटाने धरून, ब्रशने धूळ काढा.

तरी एक मर्यादा राहतेच. फॅन खोलीतल्या हवेपेक्षा गार काही करू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना कपाटात कोंडलेल्या सर्व्हरला कुठलंही सेटिंग वाचवणार नाही. दुपारी मोठे बॅकअप लावू नका. ते काम पहाटेवर टाका.

आणि गारव्यावर सगळी भिस्तही नको. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. तापमान आणि बिघाड यांचं नातं समजलं जातं तितकं घट्ट नाही, असं त्यात दिसलं. गार डिस्कही मरतात. म्हणून फॅनचा कान पिळून झाला, की घरच्यांच्या फोटोंची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा.