मूळव्याध समजलो, निघाला सिग्नेट रिंग कॅन्सर

आजचा एपिसोड थोडा जड आहे, पण आपल्या वयाच्या सगळ्यांनी ऐकावा असा.

नांदुऱ्याला माझा मामेभाऊ राहतो, वय 31. त्याला शौचातून रक्त पडायला लागलं. "उष्णता झाली बे, काई नाई," असं म्हणत पाच महिने त्यानं मूळव्याधीचं औषध घेतलं. ते ऑनलाइन मागवून कोणी दिलं? मीच. लॉग न बघता बग फिक्स करणाऱ्याला ऑफिसात हसणारा मी!

मग वजन घटलं, अंगातलं रक्त कमी झालं. अकोल्याला कोलोनोस्कोपी केली, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी गुदद्वारातून घालून मोठं आतडं आतून पाहिलं. डाव्या बाजूला गाठ होती. तुकडा काढून तपासला, म्हणजेच बायोप्सी केली. रिपोर्ट आला : सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा.

सिग्नेट रिंग म्हणजे मुद्रेची अंगठी. पेशीत चिकट स्राव साठतो आणि तिचं केंद्रक कडेला ढकललं जातं. सूक्ष्मदर्शकाखाली ती अंगठीसारखी दिसते. निम्म्याहून जास्त पेशी अशा असतील तर हे नाव देतात. जगभरात मोठ्या आतड्याच्या 100 कॅन्सरमध्ये असा साधारण 1 असतो. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये येणाऱ्या रुग्णांत हे प्रमाण बरंच जास्त दिसलंय, आणि तरुणांत तर विशेष.

नावाला एवढं महत्त्व का? कारण या पेशी सुट्या सुट्या पसरतात, पोटाच्या आतल्या पडद्यावरही जातात. सीटी स्कॅनमध्ये बारीक ठिपके निसटू शकतात, म्हणून कधी कधी आधी दुर्बिणीनं पोटात डोकावतात. सीईए ही रक्ताची तपासणी नॉर्मल आली, तरी तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

पसरला नसेल तर ऑपरेशन. आतड्याचा तो भाग आजूबाजूच्या लसिका गाठींसकट काढतात, आणि किमान 12 गाठी तपासायच्या असतात. भावाच्या तीन गाठींत रोग निघाला, म्हणून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिनची केमो झाली. गाठीची एमएसआय तपासणीही करतात. रोग आनुवंशिक असू शकतो का आणि इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का, याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते आधीच विचारा.

केमो संपली, आता भाऊ ठरल्या तारखांना तपासणीला जातो. ते पाच महिने वाचले असते तर त्या तीन गाठी स्वच्छ निघाल्या असत्या का? कोणीच सांगू शकत नाही. मला मात्र हा प्रश्न सोडत नाही.

म्हणून एवढंच सांगतो. रक्त दिसलं की लाजू नका, डॉक्टरांना तपासू द्या. सोबत वजन घटत असेल, अशक्तपणा असेल, शौचाची सवय बदलली असेल तर कोलोनोस्कोपीचं स्वतःहून विचारा. आपल्या वयात बहुतेक वेळा मूळव्याधच निघते. निघू दे! पण बघून निघू दे.