दुखरा गुडघा चालवावा की जपावा?

गुडघे दुखू लागले की घरच्यांचा पहिला सल्ला, आता जिना चढू नका. सांधा टायरसारखा वापराने झिजतो, हे त्यामागचं गृहीतक. पण टायर म्हणजे निर्जीव रबर. सांध्यातली कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणद्रवातून. पाऊल टेकताना दाब पडतो, उचलताना सुटतो, तसा हा द्रव आतबाहेर होतो. बसून राहिलं की हे मंदावतं, शिवाय मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो आणि त्याने पेलायचा भार सांध्यावर येतो.

चालताना दुखतं त्याचं काय, हा आक्षेप रास्तच आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत साठीपुढच्या ४३९ गुडघेदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दीड वर्ष चालण्याचा किंवा वजनांचा व्यायाम दिला, उरलेल्यांना नुसती माहिती. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं थोडं कमी झालं, हालचाल सुधारली. फरक माफकच (चमत्काराच्या जाहिराती वेगळ्या!), पण वेदनाशामक गोळ्याही फार पुढे नेत नाहीत आणि वर पोटाला बाधतात. व्यायामानंतर दोन तासांनीही ठणका वाढलेलाच असेल, तर पुढच्या खेपेला मात्रा कमी करावी. आमवातात सांधा गरम आणि सुजलेला असताना मात्र त्याला विश्रांतीच हवी. एरवी खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरला, तरी सुरुवात होते.