मेमरी भरपूर, फळा छोटा

एका वाचकाने विचारलंय : मशीनमध्ये १६ जीबी मेमरी, त्यातली निम्मी मोकळी, तरी जुन्या लिनक्सवरचं पोस्टग्रेस हे जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून बंद पडतं. मेमरी खराब झाली का?

मेमरी ठणठणीत आहे. आडवा आलाय तो नियम.

शेअर्ड मेमरी म्हणजे चाळीच्या जिन्यातला फळा. पाणी किती वाजता येणार, हे एकाने लिहिलं की जाता-येता सगळे वाचतात. दारोदार चिठ्ठ्या वाटाव्या लागत नाहीत. डेटाबेसच्या अनेक प्रोसेस असाच एक फळा वापरतात. तो किती मोठा असावा, हे मात्र कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो. जुन्या लिनक्सवर एका फळ्याची कमाल मर्यादा ३२ एमबी होती. त्याहून मोठा मागितला की हा नकार येतो. मशीन वाढत गेली, आकडा तिथेच राहिला. थेट २०१४ मध्ये, ३.१६ या आवृत्तीत तो जवळजवळ अमर्याद झाला. इतका उशीर व्हायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा फळा आला कुठून? युनिक्समधून. युनिक्स म्हटलं की बेल लॅब्सचे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण १९७०च्या दशकात ओहायोतल्या कोलंबस इथेही बेल लॅब्सची एक शाखा होती. टेलिफोन व्यवस्थेच्या कामासाठी तिथल्या मंडळींनी स्वतःचं युनिक्स घडवलं. शेअर्ड मेमरी, सेमाफोर, मेसेज क्यू ही त्यांची देणगी. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमधून ती जगभर गेली. कोलंबसचं नाव मात्र क्वचितच निघतं.

त्यांच्या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते : लिहिणारा गेला तरी फळा पुसला जात नाही, आणि त्याला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत याची मोजदाद कर्नल ठेवतो. २०१३ मध्ये पोस्टग्रेस ९.३ ने मोठी मेमरी दुसऱ्या मार्गाने घ्यायला सुरुवात केली, तरी एक चिमुकला फळा राखून ठेवला. जुनी एखादी प्रोसेस त्याच डेटावर अजून जिवंत आहे का, हे या मोजदादीवरून कळतं!

आता तुमच्या मशीनकडे. 'आयपीसीएस -एल' ही कमांड मर्यादा दाखवते, 'आयपीसीएस -एम' सगळे फळे. तिथल्या 'एनअटॅच' रकान्यात शून्य असेल आणि मालक प्रोग्रॅम खरंच मेलेला असेल, तरच तो फळा 'आयपीसीआरएम'ने काढा. फळा मागताना कधी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश आला, तर डिस्कवरच्या फायली उडवत बसू नका. डिस्कचा इथे संबंध नाही. फळ्यांची संख्या किंवा एकूण मेमरीची मर्यादा संपलेली असते.

मर्यादा वाढवताना एकक पाहा. एका फळ्याची मर्यादा, 'एसएचएममॅक्स', बाइटमध्ये असते. एकूण मर्यादा, 'एसएचएमऑल', पेजमध्ये. पेज ४,०९६ बाइटचं असेल, तर ८ जीबीसाठी पहिला आकडा ८,५८,९९,३४,५९२ आणि दुसरा फक्त २०,९७,१५२. दोन्ही आकडे 'सिसकंट्रोल'च्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवा. नाहीतर मशीन पुन्हा सुरू झालं की जुनीच मर्यादा परत येते.