घर, परिसर आणि परभाषा : चंडीगढमधील मराठी कुटुंबांच्या संदर्भात बालकांचे भाषार्जन

लहान मुलांना घरी परभाषा शिकवावी काय, आणि शिकवावयाची तर ती कोणत्या मार्गाने, हा प्रश्न सामान्यतः इंग्रजीच्या संदर्भात विचारला जातो. परंतु 'परभाषा' ही संज्ञा वाटते तितकी स्थिर नाही. एखादी भाषा मुलाच्या दृष्टीने 'स्व' की 'पर', हे तिच्या कुळावरून किंवा आईवडिलांच्या जन्मगावावरून ठरत नाही. ती भाषा मुलाच्या कानावर किती पडते, कोणाच्या तोंडून पडते आणि तिच्यावाचून त्याचे काय अडते, यावरून ते ठरते. या निकषाने पाहिले असता महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत एक विपरीत चित्र दिसू लागते. आईवडिलांची मातृभाषा हीच मुलाच्या परिसराच्या दृष्टीने परभाषा ठरते आणि ती शिकवण्याचे स्थान घराखेरीज अन्यत्र उरत नाही. प्रस्तुत लेखात चंडीगढ शहराच्या निमित्ताने या स्थितीचा विचार केला आहे.

चंडीगढचे भाषिक स्वरूप

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली आणि चंडीगढ हा केंद्रशासित प्रदेश तसेच पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची समाईक राजधानी बनला. भाषेच्या आधारावर झालेल्या विभाजनातून हा दर्जा मिळालेल्या या शहराच्या प्रशासनाची भाषा मात्र इंग्रजी राहिली, हा एक लक्षणीय विरोधाभास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १०,५५,४५० इतकी होती. त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांनी हिंदी आणि एक-पंचमांशाहून किंचित अधिक लोकांनी पंजाबी ही मातृभाषा नोंदविली. म्हणजे येथील मुलाला शाळेत हिंदी व इंग्रजी, बागेत व बाजारात हिंदी व पंजाबी या भाषा विनासायास भेटतात.

या शहरात येणारी मराठी कुटुंबे प्रामुख्याने नोकरीच्या निमित्ताने येतात. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय असलेले चंडीमंदिर, हवाई दलाचा तळ, वैद्यकीय शिक्षण व संशोधनाची स्नातकोत्तर संस्था, पंजाब विद्यापीठ, शेजारच्या मोहालीतील विज्ञानसंस्था, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये ही त्यांची ठिकाणे. उत्तर भारतातील अनेक शहरांप्रमाणे सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणाऱ्या सांगली-सातारा भागातील कुटुंबांचाही येथे विचार करावयास हवा. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : मराठी वस्ती विखुरलेली आहे. आजूबाजूला मराठी बोलणारा समवयस्क मित्र बहुधा नाही. संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीचा उल्लेख असला, तरी अशा विखुरलेल्या समाजासाठी मराठी शाळा ही व्यवहारात शक्य कोटीतील गोष्ट नव्हे. परिणामी सर्व भार घरावर येतो.

अर्जन आणि अध्ययन

भाषा 'शिकणे' या एकाच क्रियापदात दोन भिन्न प्रक्रिया सामावलेल्या असतात. प्रौढ मनुष्य परभाषा नियम, शब्द व सराव यांच्या आधारे शिकतो. ते अध्ययन होय. लहान मूल भाषा वापराच्या ओघात आत्मसात करते. ते अर्जन होय. अर्जनाची मुळे किती लवकर रुजतात, हे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसते, आणि हा प्रयोग भारतीय वाचकाला विशेष जवळचा आहे. हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतील भेद इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या अर्भकांना ओळखता येत होता. वर्षाची होईपर्यंत मात्र त्यांची ही क्षमता बरीचशी ओसरली होती, कारण त्यांच्या परिसराला त्या भेदाची गरज नव्हती.

याच्या पुढील पायरी पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ च्या संशोधनात आढळते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविण्यात आली. ज्यांच्याशी चिनी बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली, त्या बालकांना चिनी ध्वनींतील भेद कळू लागले. ज्यांना तेच बोलणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर किंवा केवळ ध्वनिमुद्रणातून मिळाले, त्यांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. मराठी बालगीतांच्या चित्रफिती लावून दिल्या की मूल मराठी शिकेल, ही समजूत या निष्कर्षापुढे टिकत नाही. मोठ्या वयाच्या मुलाला चित्रफितीतून काही शब्द मिळतात हे खरे. परंतु भाषेचा पाया माणसाच्या सहवासात घातला जातो.

घरातील परभाषेची तीन उदाहरणे

घरात परभाषा जोपासण्याच्या प्रयत्नांचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. फ्रेंच भाषाविज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाच्या भाषाविकासावरील ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. पिता फ्रेंच आणि माता जर्मन बोलणारी. प्रत्येकाने मुलाशी आपापल्याच भाषेत बोलावे, असा सल्ला त्यांना मोरिस ग्रामों यांनी दिला होता. 'एक व्यक्ती, एक भाषा' हे पुढे प्रसिद्ध झालेले सूत्र ते हेच. वेर्नर लिओपोल्ड यांनी अमेरिकेत आपल्या हिल्डेगार्ड या मुलीच्या जर्मन-इंग्रजी विकासाची नोंद १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केली. बालपणी इंग्रजीच्या रेट्यापुढे मागे पडलेली तिची जर्मन काही महिन्यांच्या जर्मनीतील वास्तव्यात वेगाने वर आली, आणि परतल्यावर पुन्हा इंग्रजीने उचल खाल्ली. मुलाच्या मनातील भाषांचे बळ परिसरानुसार कमी-अधिक होत राहते, हे यातून स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण जॉर्ज सॉन्डर्स यांचे. त्यांची स्वतःची मातृभाषा इंग्रजी. तरीही ऑस्ट्रेलियात राहून त्यांनी आपल्या मुलांशी सातत्याने जर्मनमध्येच संभाषण केले आणि हा अनुभव १९८२ मध्ये ग्रंथबद्ध केला. जी भाषा पालकाची जन्मभाषा नाही, तीही घरात रुजविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत : पालकाचे त्या भाषेवर उत्तम प्रभुत्व आणि वर्षानुवर्षे न ढळणारे सातत्य.

या व्यक्तिगत नोंदींना व्यापक सर्वेक्षणाने एक महत्त्वाची दुरुस्ती सुचविली आहे. अ‍ॅनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या डचभाषक भागातील सुमारे १,९०० कुटुंबांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये मांडले. या घरांत डचखेरीज दुसरी एखादी भाषा बोलली जात होती. तरीही सुमारे एक-चतुर्थांश कुटुंबांत मुले ती भाषा बोलत नव्हती. आई व वडील दोघेही घरात केवळ अल्पसंख्य भाषा बोलत असत, तेथे ती मुलांकडे जाण्याचे प्रमाण सुमारे ९७ टक्के होते. एकाने ती भाषा आणि दुसऱ्याने डच बोलावयाची, अशा घरांत ते सुमारे ७४ टक्क्यांवर आले. याचा अर्थ 'एक व्यक्ती, एक भाषा' हे सूत्र निरुपयोगी आहे असे नव्हे; पण बहुसंख्य भाषेला घराबाहेर जे बळ मिळते, त्याची भरपाई ते सूत्र एकट्याने करू शकत नाही.

हिंदीचे सान्निध्य : आधार आणि अडसर

चंडीगढमधील मराठी मुलाची स्थिती बेल्जियममधील मुलाहून एका बाबतीत वेगळी आहे. परिसरभाषा हिंदी ही मराठीची भगिनी असून दोहोंची लिपी देवनागरी आहे. हिंदी वाचू लागलेले मूल थोड्या प्रयत्नाने मराठी पुस्तक वाचू शकते, हा मोठाच लाभ होय. परंतु हे साम्य फसवेही आहे. 'शिक्षा' आणि 'चेष्टा' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण हिंदीत त्यांचे अर्थ शिक्षण आणि प्रयत्न असे होतात. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च'चे दोन उच्चार लिपी दाखवीत नाही. ते केवळ ऐकूनच येतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे 'ते पुस्तक' हे मुलाच्या तोंडी सहज येत नाही. 'आपण' आणि 'आम्ही' यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला सामावून घेणे वा वगळणे, हिंदीच्या एकट्या 'हम'मध्ये लोपतो. 'मला भूक लागली' ऐवजी 'मला भूक लागत आहे' असे वाक्य मूल बोलते, तेव्हा शब्द मराठी असतात, घडण मात्र हिंदी असते.

पंजाबीचे नाते याहून निराळे आहे. 'घ', 'झ', 'भ' यांसारखे महाप्राण घोष वर्ण पंजाबीत शब्दारंभी अघोष होऊन त्यांच्या जागी स्वराघात येतो. 'घर' हा शब्द पंजाबी उच्चारात 'कर'च्या जवळ जातो. उलट हिंदीत नसलेला 'ळ' पंजाबीत अस्तित्वात आहे आणि गुरुमुखीत त्यासाठी 'ल'खाली बिंदू देण्याची सोयही आहे. पंजाबी शेजाऱ्याच्या बोलण्याकडे मुलाचे लक्ष वेधले, तर मराठीचा एक अवघड ध्वनी त्याला परका वाटणार नाही. भाषा एकमेकींना केवळ हटवीत नाहीत, आधारही देतात, याचे हे छोटेसे प्रमाण होय.

घरातील व्यवहार

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूत्रे निष्पन्न होतात. पहिले सूत्र असे की, मराठीला घरात निश्चित काम हवे. सकाळची तयारी, जेवण, झोपतानाची गोष्ट, आजी-आजोबांशी फोनवरील बोलणे ही कामे मराठीकडे सोपविली, तर मुलाला तिची गरज भासते. शब्दांची यादी पाठ करून घेण्याने ती गरज निर्माण होत नाही.

दुसरे सूत्र प्रतिसादाचे आहे. एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतील द्विभाषिक बालकांच्या अभ्यासात (१९९७) पालकांच्या प्रतिसादांची क्रमवारी लावली. मुलाने दुसऱ्या भाषेत उत्तर दिल्यावर पालक ते न समजल्यासारखे दाखवू शकतो, अंदाजाने विचारू शकतो, तेच वाक्य आपल्या भाषेत पुन्हा म्हणू शकतो, किंवा काहीच न घडल्यासारखे पुढे जाऊ शकतो. 'आई, मुझे पानी दो' असे मूल म्हणाले, की 'तुला पाणी हवंय का?' एवढे सहज म्हणून पाणी देणे, हा मधला मार्ग आहे. त्यात मुलाचा अवमान नाही आणि मराठी वाक्यही त्याच्या कानी पडते. चुकीबद्दल हसणे किंवा पाहुण्यांपुढे मराठी बोलून दाखवावयास लावणे, यांमुळे मात्र मूल त्या भाषेपासून दूर जाते.

तिसरे सूत्र माणसांचे आहे. सुट्टीत गावी महिनाभर राहणे, चुलत-मावस भावंडांत मिसळणे, मंडळाच्या गणेशोत्सवात समवयस्क मराठी मुले भेटणे, यांतून मराठी ही केवळ आईवडिलांची भाषा नसून मुलांचीही भाषा आहे, असे मुलाला उमगते.

इंग्रजीचा प्रश्न

अनेक घरांत नेमके उलटे घडते. मूल शाळेत मागे पडू नये या चिंतेने पालक तीन-चार वर्षांच्या मुलाशी घरी इंग्रजी बोलू लागतात. महाराष्ट्रातही हाच विचार प्रबळ झाला आहे. २००० साली तेथील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्याच्या निर्णयावरून वाद उद्भवला आणि शासनाला संबंधित आदेश मागे घ्यावे लागले. त्या वादातही मूल एका वेळी किती भाषा पेलू शकते, हा प्रश्न केंद्रस्थानी होता. परंतु संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न कोणती भाषा कोणी द्यावयाची, हा आहे. चंडीगढमध्ये इंग्रजी शाळा देते, पाट्या देतात, कार्यालये देतात. घराने आपला मर्यादित वेळ तिला दिला नाही, तरी ती मुलाला मिळणारच आहे. शिवाय पालकाची इंग्रजी कामापुरतीच असेल, तर लाड, राग, विनोद, समजूत या सर्व गोष्टींना ती तोकडी पडते आणि मुलाला घरातूनच अर्धी भाषा मिळते. ज्या पालकांचे इंग्रजीवर सॉन्डर्स यांच्या जर्मनसारखे प्रभुत्व आहे, त्यांनी ती अवश्य द्यावी. मात्र मराठीचा वेळ कापून नव्हे.

समारोप

संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि त्यांच्या वास्तव्याच्या परंपरेमुळे पंजाबातील घुमान येथे एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या प्रदेशाशी मराठीचे नाते असे जुने आहे. नामदेवांनी परप्रांताची भाषा आपलीशी केली, पण त्यासाठी त्यांना स्वतःची भाषा टाकावी लागली नाही. चंडीगढच्या घरांपुढील प्रश्न त्याच स्वरूपाचा आहे. मुलाला हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी हे शहर देईल. मराठी मात्र दोन-चार माणसांच्या बोलण्यावरच उभी आहे. त्या माणसांनी ती बोलणे थांबविले, तर आजीच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी नातवाला दुभाष्या लागेल. आणि एकदा तसे घडले, की पुढच्या पिढीला मराठी शिकावयाची झाल्यास ती खऱ्याखुऱ्या परभाषेप्रमाणे, नियम आणि शब्दकोश हाती घेऊनच शिकावी लागेल.