आवड ज्याची त्याची, श्रवण सर्वांचें

एका घरांत सात-आठ माणसें असावींत, प्रत्येकाला गाण्याचें वेड असावें, आणि तरीहि त्या घरांत सायंकाळीं गाण्याचा एक सूर ऐकूं येऊं नये, हा चमत्कार मागच्या पिढीस कोणी सांगितला असता तर तिला तो खरा वाटला नसता. आज तो घरोघर घडत आहे. आजोबांच्या कानांत अब्दुल करीम खांसाहेबांची ठुमरी, सूनबाईंच्या कानांत भावगीत, आणि नातवाच्या कानांत त्याचा लाडका विलायती बॅण्ड. बॅण्ड म्हटला कीं आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढें वरात उभी राहते, ही गोष्ट निराळी! प्रत्येकाचा मोबाईल स्वतंत्र, प्रत्येकाचें गाणें स्वतंत्र. यामुळें भांडण मिटलें हें खरें. परंतु त्याबरोबर बोलणेंहि मिटलें. या स्थितीचा सुज्ञ वाचकांनीं थोडा विचार करावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं रसिकास ‘सहृदय’ अशी संज्ञा दिली आहे. काव्याच्या परिशीलनानें ज्याचा मनोरूपी आरसा निर्मळ झाला आहे, आणि म्हणून वर्ण्य विषयाशीं तन्मय होण्याची योग्यता ज्याच्या अंगीं आली आहे, तो सहृदय, असें अभिनवगुप्ताचार्यांनीं सुमारें हजार वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें. काव्याला लागू असलेली ही कसोटी गाण्यासहि लागू पडते असें आम्हांस वाटतें. ‘मला काय आवडतें’ हें तींत कोणी विचारलेलें नाहीं. ‘मला किती ग्रहण करतां येतें’ हेंच विचारलें आहे. आवड जन्मतः येते. सहृदयता दुसऱ्याच्या शेजारीं बसून शिकावी लागते.

पूर्वीं हें शिक्षण परिस्थितीच देत असे. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला. पुढें तबकड्या घरांत आल्या, तरी मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. यंत्र महाग, म्हणून वाड्यांत एखादेंच. तें वाजूं लागलें कीं शेजारपाजार गोळा होई. गदगच्या एका दुकानांत वाजणारी खांसाहेबांची तबकडी शाळकरी भीमसेन जोशी यांच्या कानीं पडली, आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, ते गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडले. तें गाणें दुकानदाराच्या एकट्याच्या कानांतच राहिलें असतें तर?

रेडिओनेंहि तेंच केलें. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५५ च्या रामनवमीस पुणें आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चें पहिलें गीत प्रसारित झालें आणि पुढें वर्षभर ५६ गीतें लोकांनीं एकत्र बसून ऐकलीं. फर्माइशी पाठविणाऱ्या श्रोत्यांमुळें झुमरीतलैया हें लहानसें गांव देशभर ठाऊक झालें. पत्र पाठविणाऱ्यास तें गाणें पाठच असे. तरीहि तो पदरचे पैसे खर्चून पत्र घाली, तें कशासाठीं? आपल्याला जें आवडलें तें चार लोकांच्या कानीं पडावें, आणि आपल्या नांवानें पडावें, ही माणसाची मोठी गोड हौस आहे.

या हौसेचा अतिरेक झाला म्हणजे पक्ष पडतात, हेंहि खरें. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे असेच दोन पक्ष होते. परंतु १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं ते दोघे एकाच रंगभूमीवर उभे राहिले, आणि ‘संयुक्त मानापमाना’च्या त्या प्रयोगांत भामिनी व धैर्यधर यांस ऐकतांना दोन्ही पक्षांस एकाच मंडपांत बसावें लागलें. त्याच वर्षीं केशवराव वारले. ज्यांनीं तो योग साधला ते धन्य होत.

आमच्या घरीं गेल्या वर्षापासून आम्हीं एक नेम ठेविला आहे. रविवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे एकानें आपल्या आवडीचें एक गाणें सर्वांस ऐकवावें. तें संपेपर्यंत कोणीं बोलूं नये. आणि नंतर ‘छान’ किंवा ‘भिकार’ हे दोन शब्द वर्ज्य करून काय ऐकलें तें सांगावें. नातवानें बीटल्स मंडळींचें ‘नॉर्वेजियन वुड’ हें १९६५ सालचें गीत लाविलें. त्यांतील जॉर्ज हॅरिसनची सतार ऐकून त्याची आजी म्हणाली, “वाद्य आपलेंच दिसतें, पण मींड कुठें आहे रे?” या एका प्रश्नामुळें हॅरिसन १९६६ सालीं मुंबईस येऊन रविशंकरांपाशीं सतार शिकला, हें नातवानें शोधून काढिलें. पुढच्या खेपेस खांसाहेबांची झिंझोटी लागली. “आजोबा, फार हळू आहे,” असें त्यानें स्पष्ट सांगितलें. मात्र एक जागा पुन्हां लावावयास लाविली. आम्हांस तेवढें पुरेसें वाटलें. त्याचा बॅण्ड आम्हांस अद्याप फारसा रुचत नाहीं. परंतु ढोलाच्या कोणत्या ठोक्यावर त्याचा चेहरा उजळतो, हें आतां आम्ही ओळखतों.

कोणी म्हणेल, अशा नेमानें काय मोठेंसें साधणार? पूर्वीं घरांतील वडील माणूस गेलें म्हणजे कपाटांत त्याच्या तबकड्या उरत. कोणती अधिक झिजली आहे, हें पाहून त्याचें मन कळे. आतां उरतो एक बंद मोबाईल, आणि त्याचा संकेतशब्द कोणास ठाऊक नसतो. आईला उतारवयांत कोणतें पद ऐकून डोळ्यांस पाणी येई, हें ठाऊक नसणारीं मुलें तिच्या श्राद्धास सर्व पक्वान्नें करतील. पण तिच्या आठवणीचें गाणें कोणतें लावावें, असें विचारल्यास एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. म्हणून वाचकहो, येत्या रविवारीं घरांतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसास एवढेंच विचारा: “तुम्ही हल्लीं काय ऐकतां? आम्हांलाहि ऐकवा.” आणि मग तीन मिनिटें कृपा करून गप्प बसा.