फिरतें बिऱ्हाड आणि दुहेरी वीज

ताटवाट्या, अंथरुणें आणि देवांची पेटी बरोबर घेऊन सहकुटुंब कोंकणांत उतरावें, ही हौस आपल्या लोकांस नवी नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, बैलगाडीच्या जागीं आतां मोटार आली असून तिच्यांत पंखा, फ्रीज, मुलांचे मोबाइल आणि आजोबांचें श्वासाचें यंत्र हीं सर्व चालावीं अशी अपेक्षा असते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर करून या हौसेस राजमान्यता दिली. अशा गाड्यांच्या मान्यतेची कसोटी सांगणारें ए. आय. एस. १२४ हें मानक तर आपल्या पुण्यांतीलच, वेताळ टेकडीवरील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या १९६६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेकडून प्रसिद्ध होतें. जुन्या व्हॅनमध्यें स्वतःच फेरफार करूं इच्छिणाऱ्यांनीं आधीं आर. टी. ओ. ची परवानगी घ्यावी, हें ओघानेंच आलें. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें निराळ्याच विषयाविषयीं, म्हणजे या गाडींत दोन वाटांनीं येणाऱ्या विजेविषयीं.

पुणेकरांस इन्व्हर्टर परका नाहीं. भारनियमनाच्या दिवसांत तो घरोघर जिन्याखालीं येऊन बसला. उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची मदत घेऊन शहर भारनियमनांतून सोडविण्याची ‘पुणे मॉडेल’ या नांवाची योजना २००६ सालीं अमलांत आली. पण त्या पेट्या पुष्कळ घरांतून हलल्या नाहींत. साहजिकच, ‘हाच उचलून गाडींत ठेवूं’ असें कोणाच्याही मनांत येतें. हा विचार आम्हांस धोक्याचा वाटतो. घरांतला इन्व्हर्टर घराच्या भरंवशावर चालतो. त्याचें अर्थिंग जमिनींत पुरलेलें असतें, त्याचा न्यूट्रल बाहेरच्या तारेशीं जोडलेला असतो आणि त्याच्या तारा भिंतींत स्थिर असतात. गाडीचें सारेंच निराळें. ती रबरी चाकांवर उभी असते, खड्ड्यांतून हादरत जाते, आणि आज वाड्याच्या तर उद्यां एखाद्या खानावळीच्या विजेवर जगते.

पहिला नियम असा कीं, बाहेरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज यांची गांठ कधींही पडतां कामा नये. दोन्ही २३० व्होल्टच्या असल्या तरी बाहेरची वीज सेकंदास पन्नास आवर्तनें ज्या ठेक्यांत घेते, त्या ठेक्याशीं इन्व्हर्टरचा मेळ असेलच असें नाहीं. दोहोंची गांठ पडली तर बहुधा इन्व्हर्टर क्षणांत जळतो. याहूनही वाईट म्हणजे, भिंतींतून उपसलेल्या प्लगच्या उघड्या पिनांत इन्व्हर्टरची वीज खेळत राहते आणि मूल तो प्लग हातांत घेतें. म्हणून दोहोंमध्यें चेंजओव्हर हवा. तोही फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा बदलणारा आणि एक वाट पुरती तोडल्यावरच दुसरी जोडणारा असावा. ‘आम्ही आठवणीनें बटण बंद करूं’ या आश्वासनास एकत्र कुटुंबांत कांहीं किंमत नाहीं. दहा माणसांत आठवण नेहमीं अकराव्याकडे असते!

बॅटरी चार्ज करणारें यंत्र या चेंजओव्हरच्या अलीकडे, म्हणजे केवळ बाहेरच्या विजेवर, ठेवावें. तें पलीकडे गेलें तर बॅटरी इन्व्हर्टरास, इन्व्हर्टर चार्जरास आणि चार्जर पुन्हां बॅटरीस वीज देत बसतो. या प्रदक्षिणेंत पुण्य नाहीं. पहांटेपर्यंत बॅटरी मात्र रिकामी होते.

आतां अर्थिंगकडे वळूं. हा भाग वाचकांनीं सावकाश वाचावा, अशी विनंती आहे. हादऱ्यानें फेजच्या तारेचें आवरण घांसलें आणि ती पत्र्यास टेकली, अशी कल्पना करा. बाहेरची वीज जोडलेली आहे, पण ती वाड्यांतल्या जुन्या दोन पिनांच्या सॉकेटवरून घेतलेली असल्यामुळें अर्थिंगची तार कोठेंच पोहोंचत नाहीं. चाकें रबराचीं असल्यानें वीज जमिनींत उतरत नाहीं, फ्यूज उडत नाहीं, दिवाही लुकलुकत नाहीं. आंत बसलेल्या आजीस कांहींच जाणवत नाहीं. परंतु खालीं ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला नातू दाराच्या मुठीस हात लावतो आणि विजेस हवी असलेली वाट त्याच्या देहांतून मिळते. म्हणून तीन तारांची केबल, तिसरी तार गाडीच्या पत्र्यास पक्की जोडलेली, आणि गाडींत शिरतांच ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आर. सी. सी. बी., एवढें तरी हवेंच. जेथें अर्थिंग नाहीं तेथें वीज घेऊंच नये, मग यजमान कितीही प्रेमळ असोत.

इन्व्हर्टरवर असतांना मात्र बाहेरचें अर्थिंग व न्यूट्रल दोन्ही सुटलेलीं असतात. त्या वेळीं इन्व्हर्टरचा न्यूट्रल गाडीच्या पत्र्यास जोडलेला नसेल, तर आर. सी. सी. बी. नें गळती ओळखावी कशी? ही जोडणी इन्व्हर्टर चालू असतांनाच असावी. बाहेरची वीज येतांच ती सुटली पाहिजे. कांहीं स्वस्त इन्व्हर्टरांत अशी जोडणी केल्यास यंत्रच बिघडतें. म्हणून कंपनीची पुस्तिका वाचल्याखेरीज, किंवा जाणत्या परवानाधारक वायरमनला दाखविल्याखेरीज, हें काम हातीं घेऊं नये.

बॅटरीच्या बाजूस १२ व्होल्ट असतात म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. झटका बसत नाहीं हें खरें, पण आग लागते. एक हजार वॅटचें उपकरण घरीं सुमारें साडेचार अँपिअर घेतें. तेंच १२ व्होल्टवर ८३, आणि इन्व्हर्टरची तूट धरून नव्वदीच्या पुढें जातें. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल म्हणून जाड व आंखूड हवी, आणि योग्य फ्यूज बॅटरीस अगदीं लागून हवा; वीतभर अंतरावर घांसलेली तारही पेट घेऊं शकते.

गृहिणींनीं आणखी एक हिशेब मांडून पाहावा. १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम पावणेदोन युनिट. शिशाची बॅटरी टिकावयाची तर त्यांतील निम्मीच वापरावी. तेवढ्यांत ५० वॅटचा पंखा व २० वॅटचे दिवे रात्रभर सुखानें चालतील. २००० वॅटची इंडक्शन शेगडी मात्र अर्धा तासही चालणार नाहीं. तेव्हां वरणभात बाहेरच्या विजेवर किंवा गॅसवर व्हावा. आजोबांच्या यंत्रासाठीं शुद्ध साइन लहरींचाच इन्व्हर्टर घ्यावा आणि रात्रीं दुसरें कोणतेंही मोठें उपकरण लावूं नये.

मुक्कामीं पोहोंचल्यावर केबल रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल भार पडतांच आंतल्या आंत तापते. आधीं तिचें टोक गाडीस लावावें, मग भिंतीस. निघतांना आधीं भिंतीचें काढावें. आणि आर. सी. सी. बी. वरचें ‘टेस्ट’ हें बटण, चहाचें आधण ठेवण्यापूर्वीं, एकदां दाबून पाहावें.